वाहनविचार : थेंब खाली, गळती वर

गणेशोत्सव उलटल्यावर या सदराकडे आलेल्या पत्रांत इंजिन ऑइलच्या गळतीविषयीची पत्रे इतकी होती की या वेळचे सदर त्याच एका विषयाला द्यावे लागले. पावसाळाभर खड्ड्यांतून आणि घाटांतून धावलेल्या गाड्या या दिवसांत गॅरेजात रॅम्पवर चढतात, त्यांची खालची बाजू पुष्कळ महिन्यांनी नीट पाहिली जाते, आणि मिस्त्रींनी सांगितलेला खर्च ऐकून झाल्यावर वाचक आम्हाला लिहितात. पत्रलेखकांची नावे वगळली आहेत. गावे मात्र ठेवली आहेत, कारण उत्तरांत त्यांचा संबंध येतो.

प्रश्न : माझ्याकडे नऊ वर्षांपूर्वी घेतलेली पेट्रोलची छोटी गाडी आहे. महिनाभरापासून सकाळी अंगणात, इंजिन आणि गिअरबॉक्स जोडलेले असतात त्या जागेखाली, दोन-चार काळे थेंब पडलेले दिसतात. येथील एका गॅरेजात दाखवले असता मागचे ऑइल सील गेले असून गिअरबॉक्स उतरवावा लागेल, असे सांगण्यात आले. खर्च मोठा आहे. याला दुसरे कारण असू शकते का, आणि ते घरच्या घरी तपासता येईल का? — एक वाचक, राजापूर

उत्तर : दुसरे कारण असू शकते, आणि गाडीचे वय पाहता तेच असण्याची शक्यता अधिक वाटते. तेल जिथून ठिबकते ती इंजिनाची सखल जागा असते. ते जिथून निघाले ती जागा बहुधा वर, आणि धावत्या गाडीला लागणाऱ्या वाऱ्यामुळे पुष्कळदा पुढेही असते. इंजिनाच्या माथ्यावर टॅपेट कव्हर असते. त्याचे रबरी पॅकिंग वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक झाले की तेल कडेने पाझरू लागते, ब्लॉकच्या अंगावरून ओघळत गिअरबॉक्सच्या सांध्यापर्यंत येते आणि तिथून थेंबाथेंबाने खाली पडते. मागच्या सीलचे, म्हणजे क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) बाहेर येतो तिथे तेल अडवणाऱ्या रबरी कड्याचे, तेलही नेमके त्याच सांध्यातून बाहेर येते, त्यामुळे खालून पाहणाऱ्याला दोन्ही गळत्या सारख्याच दिसतात. फरक दिसतो तो बिलात : पहिलीचा खर्च एका पॅकिंगचा आणि थोड्या मजुरीचा, तर दुसरीसाठी गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील एवढे सगळे उतरवावे लागते, जरी बदलायचे सील स्वतः काही शे रुपयांचेच असले तरी. एवढा मोठा निर्णय नुसते खालून डोकावून कोणी देऊ नये, आणि दिला तरी आपण तो लगेच मान्य करू नये.

प्रथम तो थेंब इंजिन ऑइलचाच आहे याची खात्री करावी. जांभ्याच्या किंवा सारवलेल्या जमिनीत तेल मुरते आणि मागे नुसता काळा डाग उरतो, ज्यावरून काहीच कळत नाही. म्हणून रात्री गाडीखाली एक मोठा पांढरा पुठ्ठा अंथरावा आणि पुढची चाके कुठे आहेत ते त्याच्या कडेला पेन्सिलीने खुणावून ठेवावे. सकाळी थेंब कोणत्या बाजूला, किती आणि कोणत्या रंगाचे पडले ते स्वच्छ दिसते. इंजिन ऑइल नवे असताना सोनेरी-तपकिरी आणि वापरानंतर काळपट असते. कूलंट हिरवा, गुलाबी किंवा निळा, पाण्यासारखा पातळ आणि गोडसर वासाचा असतो. ब्रेक ऑइल फिकट पिवळसर असते व बोटांना फार बुळबुळीत लागते. ते दिसल्यास दुरुस्ती होईपर्यंत गाडी हलवू नये. आपल्या कोकणातल्या दमट हवेत एसी लावून आलेल्या गाडीखाली, बहुधा डाव्या बाजूस, पाण्याचे चांगले थारोळे साचते, तेवढ्यावरून घाबरून पत्र लिहिणारेही दर उन्हाळ्यात भेटतात. आपल्या बाबतीत विशेष लक्ष द्यायचे ते गिअर ऑइलकडे. ते इंजिन ऑइलहून दाट असते, त्यातील गंधकयुक्त रसायनांमुळे त्याला उग्र वास येतो, आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचे सील गेले तर तेही त्याच सांध्यातून ठिबकते. थेंब बोटावर घेऊन वास घेतला की हा एक संशय जागीच मिटतो.

दुसरी गोष्ट, तेल गाडी उभी असताना गळते की इंजिन चालू असताना, हे पाहावे. इंजिनात काही ठिकाणी तेल पंपाच्या दाबाखाली असते : ऑइल फिल्टर, ऑइल प्रेशर स्विच, टर्बो असल्यास त्याच्या नळ्या. या जागांची गळती इंजिन चालू असतानाच होते, बंद केल्यावर जवळजवळ थांबते, आणि वाढली तर थोड्या किलोमीटरांत इंजिन रिकामे करू शकते. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, मात्र तेल नुसते साठलेले असते. त्याचे पॅकिंग किंवा ड्रेन बोल्ट गळत असेल तर गाडी रात्रभर उभी असतानाही थेंब पडत राहतात. टॅपेट कव्हर आणि क्रँकशाफ्टची सीले या दोहोंच्या मध्ये येतात : तेल तिथे उडते, साचते आणि इंजिन बंद झाल्यावरही काही वेळ ओघळत राहते.

आता खरी तपासणी. तेलाने आणि धुळीने माखलेल्या इंजिनावर गळती शोधणे व्यर्थ आहे, म्हणून आधी इंजिन पूर्ण थंड असताना बाहेरून स्वच्छ करून घ्यावे. बाजारात मिळणारे डीग्रीझर ब्रशने लावून पुसून काढणे चांगले. गॅरेजात यासाठी सर्रास रॉकेल किंवा डिझेल वापरतात. ते वापरल्यास पूर्ण वाळेपर्यंत इंजिन सुरू करू नये. अल्टरनेटर, कॉइल आणि वायरींच्या जोडांवर पाण्याचा जोराचा फवारा मारू देऊ नये. इंजिनाखाली प्लॅस्टिकचे कव्हर असेल तर ते काढावे, कारण ते थेंब झेलते आणि भलत्याच जागी सोडते. मग सांधे आणि सीलभोवतीच्या कोरड्या पृष्ठभागावर साधी टाल्कम पावडर पातळ भुरभुरावी, दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून आणावी, आणि टॉर्च व छोटा आरसा घेऊन वरून खाली पाहत यावे. पांढऱ्या पावडरीत तेलाची ओली रेघ उमटलेली दिसते. ती रेघ धरून वर जावे, आणि तिच्या वरच्या टोकाशी गळतीचे मूळ सापडते. याने काही दिसले नाही तर ऑइलमध्ये मिसळण्याचा रंग मिळतो, जो अतिनील टॉर्चच्या प्रकाशात चमकतो; मोठ्या गॅरेजांत ही सोय असते.

टॅपेट कव्हरपासून सांध्यापर्यंतचा भाग कोरडा राहिला आणि तरीही सांध्यातून काळे, उग्र वास नसलेले तेल आले, तर मिस्त्रींचे म्हणणे बरोबर आहे. तेव्हाही घाई आवश्यकच असते असे नाही. वीस थेंबांचे साधारण एक मिलिलिटर होते, म्हणजे रोजचे चार थेंब महिन्याला सहा-सात मिलिलिटरसुद्धा भरत नाहीत. अर्थात चालत्या गाडीतून किती जाते ते पुठ्ठा सांगत नाही; त्यासाठी डिपस्टिकच पाहावी लागते. सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटे थांबल्यावर दर आठवड्याला पातळी पाहून टिपून ठेवा. बहुतेक छोट्या गाड्यांत काठीवरच्या दोन खुणांमधले अंतर सुमारे एक लिटरचे असते. दोन सर्व्हिसिंगच्या दरम्यान पातळी निम्म्याखाली येत नसेल, तर हे काम क्लच प्लेट बदलण्याची वेळ येईपर्यंत थांबू शकते आणि दोन्ही कामे एकाच मजुरीत होतात. मात्र तेल क्लचवर जाऊन क्लच घसरू लागला असेल तर थांबू नये. सील बसवताना शाफ्टवर जुन्या सीलने चरा पाडला आहे का ते मिस्त्रींना पाहायला सांगा. चरा असेल तर नवे सील किंचित आत-बाहेर सरकवून बसवतात किंवा त्यावर बारीक स्लीव्ह चढवतात. नाहीतर नवे सीलही थोड्याच काळात गळू लागते.

प्रश्न : आम्ही मालवणहून कोल्हापूरला जाताना करूळ घाटात गाडीत काहीतरी जळाल्याचा वास येतो. घाट संपला की वास कमी होतो. घरी गाडीखाली एकही थेंब पडत नाही. मिस्त्री म्हणतात, थेंब नाही म्हणजे गळती नाही. ते बरोबर आहे का? — एक वाचिका, मालवण

उत्तर : नाही. जमिनीवर थेंब न पडणारी गळतीच कधीकधी अधिक धोक्याची असते, कारण तिचे तेल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातला जळका वायू बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांवर, पडून तिथेच जळत असते. घाट चढताना इंजिनाचे नाक वर होते, माथ्यावरचे तेल मागच्या बाजूस साचते आणि टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेचे पॅकिंग कमजोर असेल तर तिथून झिरपते. पुष्कळ गाड्यांत एक्झॉस्ट त्याच बाजूला असतो, आणि चढावर इंजिनावर ताण असताना तो शेकडो अंश तापलेला असतो. केबिनची हवा काचेखालच्या जाळीतून, म्हणजे बॉनेटच्या मागच्या टोकाकडून आत येते, म्हणून वास थेट आपल्यापर्यंत पोहोचतो. घाटात क्लच अर्धवट दाबून गाडी चालवण्याची सवय असेल तर क्लचचाही वास येतो, पण तो जळलेल्या ब्रेक लायनिंगसारखा कोरडा असतो. तेलाचा वास जड असतो आणि बॉनेट उघडल्यावर निळसर धूर दिसतो. गाडी एखाद्या रुंद, सपाट जागी उभी करून इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि काही काळ थांबून टॉर्चने मॅनिफोल्डभोवती पाहा. हात आत घालू नका. धूर दाट असेल किंवा जाळ दिसत असेल तर बॉनेट पूर्ण न उघडता गाडीपासून दूर व्हावे.

खर्चाच्या आधी एक फुकटची तपासणी करा : ऑइल भरण्याचे झाकण नीट बसले आहे का आणि त्याचे रबर शाबूत आहे का. मागच्या सर्व्हिसिंगनंतर ते अर्धवट लागलेले असणे ही अगदी साधी आणि वारंवार आढळणारी गोष्ट आहे.

पॅकिंग बदलायचे ठरल्यास ते काम सोपे म्हणून निष्काळजीपणे होते, आणि म्हणूनच पुन्हा गळते. पेट्रोल गाडीत कॉइल, ब्रीदरची (इंजिनाच्या आतला वायू बाहेर नेणारी) नळी आणि बोल्ट काढल्यावर कव्हर उचलता येते. जुने पॅकिंग आणि त्यावर पूर्वी कुणी लावलेले सिलिकॉन प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने खरवडावे. पॉलिश पेपर मारू देऊ नये, कारण त्याची कचकच आत पडते आणि अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडे उठतात. नवे पॅकिंग कव्हरच्या खाचेत कोरडेच बसते. सिलिकॉन लागते ते दोन-तीन ठिकाणीच, जिथे टायमिंग कव्हर आणि हेड यांचा सांधा पॅकिंगखाली येतो तिथे, आणि तेही हरभऱ्याएवढे. सर्व कडेला सिलिकॉनची जाड वळी फिरवणारा मिस्त्री कष्टाळू असेल, पण त्याला थांबवावे. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, दोन फेऱ्यांत आवळायचे असतात, आणि त्यांना फार थोडी ताकद लागते, साधारण १० न्यूटन-मीटर. जोर लावून आवळल्यास पॅकिंग चेपते आणि प्लॅस्टिकचे कव्हर कायमचे वाकते. स्पार्क प्लगच्या विहिरींभोवतीची गोल सीले त्याच वेळी बदलून घ्या, नाहीतर तेल विहिरीत उतरून इंजिन मिसफायर करू लागेल. सिलिकॉन वाळायला ट्यूबवर लिहिलेला वेळ द्यावा. गाडी संध्याकाळी कामाला देऊन सकाळी आणणे बरे.

प्रश्न : सर्व्हिसिंग करून आणल्यानंतर दुसऱ्याच दिवसापासून गाडीखाली तेल पडू लागले. त्यापूर्वी कधी पडत नव्हते. परत नेली असता फिल्टर आणखी घट्ट करून दिला, तरी थांबले नाही. — एक वाचक, देवगड

उत्तर : सर्व्हिसिंगनंतर सुरू झालेली गळती सर्व्हिसिंगमध्ये हात लागलेल्या जागीच शोधावी, आणि गाडीखाली तेल पाडणाऱ्या अशा जागा मुख्यतः दोन : फिल्टर आणि ड्रेन बोल्ट (तेल काढून टाकण्यासाठी चेंबरच्या तळाशी असलेला बोल्ट). जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग कधीकधी इंजिनालाच चिकटून राहते आणि नवा फिल्टर तिच्यावरच चढवला जातो. दोन रिंगा एकमेकींवर टिकत नाहीत, आणि फिल्टर जितका आवळावा तितकी वरची रिंग सरकते, त्यामुळे आपल्याकडे झाले तसे होते. हे दाबाखालचे तेल आहे. असा फिल्टर असताना लांबचा प्रवास करू नये. फिल्टर काढून जागा फडक्याने पुसावी, नव्या रिंगला ऑइलचे बोट लावावे, रिंग टेकेपर्यंत हाताने फिरवावा आणि पुढे पाऊण फेरा, तोही हातानेच. फिल्टर बसवायला पाना लागत नाही.

ड्रेन बोल्टखाली तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर असतो. तो एकदा दबला की पुन्हा नीट बसत नाही आणि दर वेळी बदलायचा असतो, पण त्याची किंमत इतकी क्षुल्लक आहे की बिलातही तो कुणाला आठवत नाही. वॉशर न बदलता गळती थांबवण्यासाठी बोल्ट पुन्हापुन्हा आवळला की चेंबरचे आटे जातात. बोल्टवर आट्यांचा चमकदार कीस निघालेला दिसला तर समजावे की तेच झाले आहे. त्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळून वेळ मारून नेली जाते. ते मान्य करू नये. आट्यांत स्टीलची नवी वेटोळी बसवून मूळ मापाचाच बोल्ट वापरता येतो, किंवा चेंबर बदलता येतो. हा खर्च कुणी करायचा याचे उत्तर आपण बिल सांभाळून ठेवले असेल तर सोपे आहे.

प्रश्न : माझी गाडी जुलै २०२१च्या पुरात बुडाली होती. तेव्हा इंजिनचे काम झाले. त्यानंतर पुढचे सील आणि टॅपेट कव्हरचे पॅकिंग दोनदा बदलले, कंपनीचेच सामान घातले, तरी काही महिन्यांत पुन्हा तेल येते. आता एका परिचिताने गळती थांबवणारे ऑइल टाकायला सांगितले आहे. टाकावे का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : चांगले सामान घालूनही वेगवेगळ्या जागांची गळती परत परत येत असेल, तर सीलला दोष देणे थांबवून सीलवर दाब का येतो ते पाहावे. सिलिंडरमधला थोडा वायू पिस्टनच्या रिंगांजवळून खाली चेंबरमध्ये उतरतच असतो. त्याला बाहेर पडायला ब्रीदरची वाट दिलेली असते : एक झडप आणि एक नळी, ज्यांतून इंजिन स्वतःच तो वायू परत खेचून जाळते. ही वाट तुंबली की चेंबरमधला दाब वाढतो, आणि दबलेल्या वायूला जिथे फट सापडेल तिथून तो तेलासह बाहेर पडतो. नवे सील काही दिवस तग धरते, मग तेही हार मानते.

चिपळुणात वशिष्ठीच्या पुरात बुडालेल्या गाड्यांच्या बाबतीत बारीक गाळ नळ्यांत राहून गेल्याची शंका घेणे वाजवी आहे. पूर न पाहिलेल्या गाड्यांतही समुद्राजवळच्या दमट हवेत हा दोष होतो, विशेषतः ज्या गाड्या बाजारापर्यंतच जातात आणि येतात. इंजिन पुरते तापत नाही, त्यात तयार होणारी वाफ बाहेर जात नाही, आणि ऑइलशी मिसळून ब्रीदरमध्ये आणि झाकणाच्या आत पिवळट लोण्यासारखा साका धरतो.

तपासणी सोपी आहे. पेट्रोल इंजिन गरम होऊन आयडलवर चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण काढून त्या भोकावर कागदाचा तुकडा ठेवावा. कागद हलका खाली खेचला गेला तर ब्रीदर ठीक काम करतो आहे. कागद उडत असेल आणि भोकातून वाफेचा भपका येत असेल, तर आधी ब्रीदरची झडप व नळ्या काढून साफ कराव्यात किंवा बदलाव्यात. झडपेची किंमत आपण आतापर्यंत सील आणि मजुरीवर केलेल्या खर्चापुढे नगण्य असते. त्यानंतरही कागद उडत राहिला तर रिंगा किंवा सिलिंडर झिजले असावेत, आणि मग कॉम्प्रेशन तपासून इंजिनाविषयी निर्णय घ्यावा लागेल. पुरातल्या पाण्याबरोबर आत गेलेल्या मातीने अशी झीज होऊ शकते. डिझेल आणि टर्बो गाड्यांत ही कागदाची कसोटी इतकी स्पष्ट उतरत नाही. तिथे मापकानेच दाब पाहावा.

गळती थांबवणाऱ्या बाटलीबद्दल. त्या रसायनाने कडक झालेले रबर थोडे फुगते व मऊ होते, त्यामुळे जुन्या, आटलेल्या सीलची झिरप काही काळ कमी होऊ शकते. फाटलेले पॅकिंग, फुटलेला चेंबर किंवा आपल्यासारखी दाबाची गळती यांवर त्याचा उपयोग नाही. दाट ग्रेडचे ऑइल टाकणे हाही तसाच सल्ला आहे. ५डब्ल्यू-३० सांगितलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० घातल्याने गळती क्वचितच थांबते, पण थंड इंजिन सुरू होताना वरच्या भागांना तेल उशिरा पोहोचते.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीला असतो, गाडी गुहागर तालुक्यातील गावी, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, असते आणि गणपती, शिमगा व मे महिन्यात वापरली जाते. चेंबर बाहेरून सतत ओलसर दिसतो, पण नेमकी गळती सापडत नाही. गावचे मिस्त्री पावसाळ्यापूर्वी गाडीला खालून जळके ऑइल मारून देतात. चेंबर बदलावा का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जळके ऑइल मारलेल्या गाडीची गळती शोधणे अशक्य आहे, हे प्रथम लक्षात घ्यावे. गंजाला अटकाव म्हणून ही जुनी पद्धत किनाऱ्यावर अजून चालते, पण त्या ऑइलने सस्पेन्शनचे रबरी बुश आणि इंजिन माउंट फुगून खराब होतात, त्यावर धूळ व मीठ चिकटून राहते, आणि एक्झॉस्टवर ते जळते. यंदापासून ते बंद करून खालची बाजू डीग्रीझरने धुऊन घ्यावी. गंजरोधक लेप लावायचा असेल तर तो धुऊन, गंज काढून आणि वाळवून लावावा; गंजावरून लावलेला लेप गंजाला झाकून वाढवतो.

धुतल्यावर चेंबरचा पत्रा टॉर्चने पाहा. पुष्कळ गाड्यांचा चेंबर दाबलेल्या पोलादी पत्र्याचा असतो. रस्त्यावरच्या खडीने त्याचा रंग टवका-टवका उडतो, तिथे खारी हवा शिरते, आणि गंज रंगाखालून पसरत जातो. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत चढता-उतरताना धक्क्यावरचे खारे पाणी खालून उडते, तेही भर घालते. गंजाने पत्रा पातळ होऊन सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडली की तेल ठिबकत नाही, घामासारखे सुटते, आणि तसे सुटत असेल तर आपल्याला सतत ओलसर दिसण्याचे कारण तेच आहे. फुगलेल्या रंगाखाली स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहू नये. पत्रा तिथे कागदासारखा उरलेला असू शकतो, आणि गावी नवा चेंबर लगेच मिळेलच असे नाही. तसा गंज दिसला तर सुट्ट्या भागांची आधी मागणी नोंदवून, चेंबर हातात आल्यावरच जुना उतरवावा. वरून इपॉक्सी पुट्टी लावणे चिपळूणपर्यंत जाण्यापुरते ठीक आहे, आणि तेही पत्रा तेलरहित व कोरडा करता आला तरच ती धरते. गंजलेल्या पत्र्याला वेल्डिंग करण्यात अर्थ नसतो, कारण वेल्डिंगच्या शेजारचा पत्राही तितकाच सडलेला असतो. चेंबर दगडाला लागून एका ठिकाणी फुटला असेल आणि बाकी पत्रा निरोगी असेल, तर मात्र तो उतरवून केलेले वेल्डिंग टिकते.

चेंबर बसवताना दोन गोष्टींवर लक्ष ठेवावे. अनेक गाड्यांत त्याला वेगळे पॅकिंग नसते, फक्त सिलिकॉनची बारीक रेघ असते. ती जाड पडली तर आवळताना आतल्या बाजूला दाबून निघालेली वळी वाळून तुटते, ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसते आणि तेलाचा पुरवठा अडवते. बाहेरची गळती थांबवण्याच्या नादात इंजिन जाम झाल्याची उदाहरणे या एका चुकीने घडतात. दुसरे, जुना चेंबर खालून आत दबलेला असेल तर ती जाळी वाकली आहे का ते नवा चेंबर लावण्यापूर्वी पाहून घ्या. जांभ्याच्या पाखाडीवर किंवा उंच गतिरोधकावर चेंबर आपटला आणि त्यानंतर ऑइलचा लाल दिवा लुकलुकू लागला, तर गळती दिसो वा न दिसो, त्या क्षणी इंजिन बंद करून गाडी ओढूनच न्यावी. तो दिवा पातळीचा नसून दाबाचा आहे, आणि तो लागल्यावर ‘पुढच्या गावापर्यंत’ गाडी चालवणे सर्वांत महाग पडते.

उभ्या गाडीची सीले कोरडी पडू नयेत म्हणून कुणाला तरी पंधरवड्यातून एकदा ती वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणायला सांगा. अंगणात पाच मिनिटे इंजिन चालू ठेवून बंद केल्याने फायदा होत नाही. आत पाणी तेवढे साठते.

प्रश्न : सर्व्हिसिंगनंतर निघालेले जुने ऑइल आम्ही घरी आणून वाळवीसाठी वाशांना आणि गोठ्याच्या खांबांना लावतो. गाडीखाली पडलेले तेल पावसात धुऊन जाते. यात काही हानी आहे का? — एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : आहे. वापरलेल्या ऑइलमध्ये झिजलेल्या धातूंचे कण आणि अर्धवट जळालेल्या इंधनातली कर्करोगकारक संयुगे उतरलेली असतात, त्यामुळे ते राहत्या घराच्या लाकडाला आणि जनावरे अंग घासतात त्या खांबांना लावू नये. वाळवीसाठी त्याच कामाची औषधे मिळतात. वेंगुर्ल्यासारख्या ठिकाणी जांभ्याची जमीन सच्छिद्र असते आणि विहीर बहुधा अंगणाच्या कडेलाच असते, म्हणून पावसात धुऊन गेलेले तेल कुठे जाते याचा अंदाज आपणच करू शकाल. सांडलेल्या तेलावर लाकडाचा भुसा, भाताचे तूस किंवा कोरडी राख टाकून दुसऱ्या दिवशी झाडून घ्यावे. ते चुलीत घालू नये. २०१६च्या धोकादायक कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेले ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवे. मोठी गॅरेजे ते पिंपांत साठवून देतात. आपले ऑइल तिथेच सोडावे, आणि घरी बदलल्यास रिकाम्या डब्यात भरून, कूलंट किंवा पेट्रोल न मिसळता, त्यांच्याकडे पोहोचवावे.